आपल्या शब्दावर सात दिवस

आमच्या पॅकहाऊसमध्ये आजारी पडायची परवानगी कागदावर होती, आणि तो कागद मीच लिहिलेला होता.

पॅकहाऊस म्हणजे निर्यातीची द्राक्षं भरायची जागा. येडशीच्या अलीकडे, हायवेला लागून, पत्र्याची लांबलचक शेड. जानेवारीपासून एप्रिल उजाडेपर्यंत आसपासच्या बागांतली द्राक्षं क्रेटमधून तिथे येतात. आत स्टीलची चार टेबलं आहेत. प्रत्येक टेबलाच्या दोन्ही बाजूंना बायका उभ्या असतात; डोक्याला टोपी, तोंडाला मास्क, हातात बारीक टोकाची कात्री. घड उचलायचा, फिरवून बघायचा, डागाळलेला किंवा बारका मणी कात्रीने काढायचा आणि घड प्लास्टिकच्या डबीत बसवायचा. डब्या थंड खोलीत जातात, तिथून कंटेनरमध्ये. शेडसुद्धा दिवसभर गार ठेवतात. बायका साडीवर घरातल्या पुरुषाचा जुना शर्ट आणि त्यावर स्वेटर घालून उभ्या राहतात. बाहेर फेकलेल्या मण्यांवर रामलिंगच्या डोंगरातली माकडं ताव मारतात.

मी काचेच्या अलीकडे, ऑफिसात. धाराशिवला इंग्लिश मीडियमच्या शाळेत शिकले, बी.कॉम. झाले, आणि इंग्रजीत मेल लिहिता येतात म्हणून इथे लागले. सकाळच्या एसटीने यायचं, संध्याकाळच्या एसटीने परत. मला माणसांशी बोलायला जड जातं. शाळेत मराठी बोललं की दंड होता, घरी इंग्रजी बोललं की हसायचे. मधल्या मध्ये मी गप्प राहायला शिकले. डबासुद्धा मी माझ्या टेबलावर एकटीच खायचे. पण काचेतून बघायचे खूप.

बघून बघून मला पहिल्या टेबलाची किंमत कळली. हंगाम उतरायला लागला की आधी चौथं टेबल बंद होतं, मग तिसरं, मग दुसरं. पहिलं टेबल शेवटच्या क्रेटपर्यंत चालतं. पहिल्या टेबलावर जागा असणं म्हणजे महिनाभर जास्त काम. ती जागा हाताच्या वेगाने मिळते आणि खाड्याने जाते. तीन दिवस सलग खाडा झाला आणि डॉक्टरचा कागद नसला तर जागेवर दुसरी बाई उभी राहते. हा नियम कुठेही लिहिलेला नव्हता, तरी सगळ्यांना पाठ होता.

लिहिलेला नियम वेगळा होता. आमची द्राक्षं घेणाऱ्या परदेशी कंपनीची माणसं दरवर्षी ऑडिटला येतात. फवारणी बघतात, पाणी बघतात, संडास बघतात, आणि कामगारांना काय हक्क आहेत तेही विचारतात. गेल्या वर्षी सरांनी, म्हणजे आमच्या मालकांनी, मला बोलावून सांगितलं की आजारपणाच्या रजेवर दोन पानं इंग्रजीत लिही, त्या लोकांना बरं वाटेल असं.

मी ते काम मन लावून केलं. तीन संध्याकाळी घरी बसून वाचलं. नेदरलँड्समध्ये, म्हणजे हॉलंडात, कामगार आजारी पडला तर मालकाने दोन वर्षांपर्यंत पगाराचा मोठा भाग देत राहायचं, आणि कोणता आजार झालाय हे विचारायचंसुद्धा नाही. जर्मनीत सहा आठवडे पूर्ण पगार. इंग्लंडमध्ये आजारपणाचे पैसे काही फार मिळत नाहीत, पण पहिले सात दिवस डॉक्टरचा कागद लागत नाही. मी आजारी होते एवढं स्वतः सांगितलं की पुरतं. अमेरिकेत देशभर लागू असा पगारी आजारी रजेचा कायदाच नाही. हे वाचून मी पुन्हा पुन्हा तपासलं, कारण शाळेत आम्हाला अमेरिका वेगळीच दाखवली होती. आपल्याकडे विम्याची योजना आहे, पण सरांचे अकाउंटंट म्हणाले की आपला धंदा हंगामी, आपल्याला ते काही लागत नाही.

वाचताना मला राग येत गेला. मला राग आला की मी भांडत नाही, लिहिते. मी लिहिलं की इथल्या प्रत्येक कामगाराला, मग ती रोजंदारीवर का असेना, आजारपणात पगारी रजा मिळेल; पहिले सात दिवस तिच्या स्वतःच्या शब्दावर; तेवढ्या काळात तिची टेबलावरची जागा दुसऱ्या कुणाला कायमची दिली जाणार नाही; आणि आजार कोणता हे तिला विचारलं जाणार नाही. सरांनी शेवटच्या पानावर सही केली, शिक्का मारला. पानं फाईलमध्ये गेली, फाईल कपाटात.

ऑडिटला एक बाई आल्या होत्या. त्यांनी पानं वाचून कौतुक केलं आणि पहिल्या टेबलावरच्या एका बाईला विचारलं की आजारी पडल्यावर काय करता. दुभाषी मी. ती म्हणाली, "घरी बसतो की. पगार न्हाय मिळत." मी इंग्रजीत एवढंच सांगितलं की त्या घरी विश्रांती घेतात.

हे मी पश्चात्ताप म्हणून लिहीत नाही. मी अर्धं वाक्य गिळलं, ते मला माहीत होतं, सरांना माहीत होतं. पुढे जे झालं ते त्या अर्ध्या वाक्यामुळे झालं, म्हणून लिहिते.

ज्या बाईने ते उत्तर दिलं होतं तिला सगळे अक्का म्हणायचे. चाळिशीची, उंच, पहिल्या टेबलाच्या टोकाला उभी राहणारी. तिचा हात इतका चालायचा की तिच्यासमोर क्रेट ठेवायला वेगळा माणूस लागायचा. मला 'इंग्लिश म्याडम' न म्हणणारी ती एकटीच. ती मला "काचंतली" म्हणायची. मी लागले त्या पहिल्या हंगामात एकदा पाळीच्या दुखण्याने मी संडासाबाहेर भिंतीला टेकून उभी होते. काही न विचारता तिने मला खोक्यांच्या थप्पीमागे झोपवलं, स्वतःचा स्वेटर अंगावर टाकला, आणि सुपरवायझरला सांगितलं की म्याडम खोकी मोजायल्यात, त्रास देऊ नगा. तासभर मी झोपले. ती माझी पहिली पगारी आजारी रजा.

या वर्षी फेब्रुवारीत, एका बुधवारी अक्का आली नाही. सुपरवायझर म्हणाला, तिचा फोन होता, आई आली म्हणून. मला वाटलं तिची आई गावाहून आली. टेबलावरच्या बायका मात्र लगेच कात्र्या थांबवून छातीला हात लावून नमस्कार करायला लागल्या, तेव्हा कळलं. अक्काला कांजिण्या आल्या होत्या. आमच्याकडे गावात त्याला कांजिण्या म्हणत नाहीत. देवी अंगावर येते. दाराला कडुलिंब लागतो, घरात फोडणी पडत नाही, केस विंचरत नाहीत, आणि देवी घरात असेपर्यंत दवाखान्याची पायरी चढत नाहीत. फोड सुकले की मंगळवार नाहीतर शुक्रवार बघून लिंबाच्या पाण्याने अंघोळ, गावाबाहेरच्या देवळात दहीभात, आणि देवीला निरोप.

म्हणजे डॉक्टरचा कागद मिळणार नव्हता. आणि कागद नाही तर चौथ्या दिवशी जागा नाही.

मी अक्काला फोन केला. जास्त बोलता आलं नाही. तिला धाप लागत होती. तोंडात, घशातसुद्धा फोड होते. मी म्हटलं, एकदाच डॉक्टरकडे जा, कागद घे, बाकी मी बघते. ती म्हणाली, "आई घरात असताना दवाखाना न्हाय, पोरी. जागेचं तेवढं बघ."

तेवढं मी बघितलं, आणि तिथेच चूक केली. इंग्लिश मीडियमची मुलगी स्वतःला फार हुशार समजते. त्या दिवशी सुटल्यावर मी स्टँडजवळच्या एका डॉक्टरकडे गेले. पेशंट न बघता कागद देतात असं सगळेच सांगायचे, आणि ते खरं होतं. त्यांनी पेन उघडून विचारलं, ताप किती दिवसांचा लिहू. कांजिण्या म्हणायला मला धीर झाला नाही. पेशंटला आणा म्हणाले असते. साध्या तापाला दहा दिवस म्हणायला लाज वाटली. मी म्हटलं, तीन.

गुरुवारी मी तो कागद सुपरवायझरला दिला. त्याने खिशात घातला; आई आल्याचं त्याला ठाऊक होतं, पण हजेरीला तो कागदावरचंच धरायचा. शनिवारी सकाळी त्याने अक्काच्या घरी निरोप धाडला की ताप तीन दिवसांचा होता, तीन दिवस झाले, आता ये. खोटा कागद असा असतो. तो जेवढं बोलतो तेवढंच धरून बसतो. अक्का आली नाही. सोमवारी तिच्या जागेवर दुसऱ्या टेबलाची एक बाई उभी होती, आणि हजेरीच्या वहीत अक्काच्या नावावर आडवी रेघ.

मी ती रेघ बराच वेळ बघत बसले. मग कपाटातून फाईल काढली आणि सरांच्या केबिनमध्ये गेले.   मी बसले नाही, कारण बसले असते तर मी नेहमीसारखी 'ठीक आहे सर' म्हणून उठले असते.

मी फाईल उघडून त्यांच्यासमोर ठेवली. आधी सांगून टाकलं की तापाचा कागद खोटा आहे, मी आणला आहे, अक्काला ठाऊकही नाही. तिला कांजिण्या आहेत. तिच्या शेजारी उभी राहणारी मुलगी पोटुशी आहे. अक्का शनिवारी तुमच्या निरोपाला घाबरून आली असती तर काय झालं असतं, हे डॉक्टरांना विचारा. आणि मग पान उलटून सात दिवसांच्या ओळीवर बोट ठेवलं.

सर वाईट माणूस नाहीत. ते ओरडले नाहीत. त्यांना खरोखरच नवल वाटलं होतं.

"अगं बेटा, हे त्या लोकांसाठी लिहिलंय."

"यात कामगार असं लिहिलंय, सर. त्या लोकांचे कामगार इथे नाहीत."

ते म्हणाले की मग खोटा कागद आणल्याबद्दल तुझ्यावर काय करायचं. मी म्हटलं, काय करायचं ते करा. ते म्हणाले, एकीला दिलं की साठ जणींना द्यावं लागतं, हंगामात शेड रिकामी पडेल. मी म्हटलं, गेल्या वर्षी ताप अंगावर घेऊन थंड खोलीत गेलेल्या बायका मी काचेतून मोजल्या आहेत. शेड तेव्हाही रिकामीच होती, फक्त बायका उभ्या होत्या. हे वाक्य मी तयार करून गेले नव्हते. ते आलं. त्यानंतर जे बोलले ते मात्र एसटीत बसून तयार केलेलं होतं.

"ऑडिट पुढच्या महिन्यात आहे. गेल्या वर्षी मी अर्धं वाक्य सांगितलं. या वर्षी पूर्ण सांगणार."

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग फाईल स्वतःकडे ओढून पहिल्यांदाच दोन्ही पानं नीट वाचली. वाचायला त्यांना वेळ लागला. मी उभीच. शेवटी ते म्हणाले की सात दिवसांचा पगार दे, जागाही दे, पण हे तिच्यापुरतं, बाहेर बोलायचं नाही.

मी 'ठीक आहे सर' म्हटलं नाही. मी फाईल घेऊन बाहेर आले. त्या रात्री घरी ती दोन पानं मराठीत उतरवली. माझं मराठी लिहिणं कच्चं आहे. ऱ्हस्व-दीर्घ आईने बघून दिलं. मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत मी काचेचं दार उघडून शेडमध्ये गेले. बायका रिकाम्या क्रेटवर बसून भाकरी सोडत होत्या. मी कागद हातात धरून वाचायला लागले तेव्हा पहिल्या दोन ओळी कुणाला ऐकूच गेल्या नाहीत. कुणीतरी म्हणालं, मोठ्यानं वाचा की म्याडम, इथं शाळा न्हाय. मी मोठ्याने वाचलं.

 मग एकजण म्हणाली, "म्हंजी घरी निजायचं आन् पगार घ्यायचा?"

"आजारी असलात तर."

"मंग म्या तर लग्न झाल्यापास्नं आजारीच हाय."

"नवऱ्याचं आजारपण धरतेत का? त्येला बी रोज सांजच्याला येतंय."

हसून हसून एकीला ठसका लागला. मी हॉलंडचं सांगितलं, की तिथे मालकाने आजार कोणता ते विचारायचंच नाही. एक म्हातारी मावशी म्हणाली, "मालक इथं बी न्हाय इचारत, बाई. शेजारीण इचारती." पुन्हा हसणं. पण हसता हसता त्यातल्या चौघी जवळ आल्या आणि मी सोबत आणलेल्या इंग्रजी पानावरची सही बोटाने चाचपून बघितली. ती सरांचीच का, हे त्यांना माझ्याकडून तीनदा ऐकायचं होतं.

सुपरवायझर दारात उभा होता. "म्याडम, बायांच्या डोक्यात नगा काय भरू. उद्या अर्धं टेबल रिकामं दिसंल." मी त्याला म्हटलं की कागदावर जे आहे तेच वाचलं, आणि मग कागद हजेरीच्या वहीवरच्या भिंतीला चिकटवला. दुपारी सरांनी तो बघितला. माझ्याकडे बघितलं. काढला नाही.

पुढच्या दोन दिवसांत काय होईल याची मी धास्ती घेतली होती. कुणीही आजारी पडलं नाही. गुरुवारी एकटी बाई आली आणि हळूच म्हणाली की उद्या कंबर धरली तर सांगितलं तर चालंल ना. मी म्हटलं, चालेल. शुक्रवारी ती कामावरच होती. सांगता येतं एवढंच तिला बघायचं होतं.

अक्का शनिवारी आली. मंगळवारी तिचे फोड ओले होते, म्हणून देवीचा निरोप शुक्रवारवर गेला होता. तिच्या चेहऱ्यावर, मानेवर काळ्या खपल्या आणि गुलाबी डाग होते. डोळे खोल गेलेले. ती टेबलाकडे न जाता सरळ काचेपाशी आली. मला वाटलं, ती आता काहीतरी चांगलं बोलेल. मी तशी तयारीही केली होती, 'असू दे अक्का' वगैरे.

"ताप म्हणून लिहून आणलंस म्हणं."

मी मान हलवली.

"आईला ताप म्हणतेत का गं?"

मी समजावायला लागले, की जागा जाऊ नये म्हणून, की घाईत सुचलं नाही म्हणून. तिने ऐकून घेतलं नाही. "म्या काय चोरी करून बसले व्हते का घरी? आई आली व्हती म्हणून बसले. दहा दिस घरात फोडणी न्हाय, डोईला फणी न्हाय. सगळ्या गावाला ठाव. आन् तू त्येचा ताप करून टाकलास."

मी रजेचा अर्ज तिच्यासमोर ठेवला. तो मी मोठ्या अभिमानाने केला होता. हॉलंडसारखा, कारणाचा रकाना नसलेला. तिने त्यावर नजर फिरवली. तिला वाचता येतं, सावकाश. कारण कुठं लिहायचं, तिने विचारलं. मी सांगितलं की लिहायची गरज नाही, तो तुमचा खाजगी मामला. तिने पेन खाली ठेवलं. लपवायला मी काय पाप केलंय, म्हणाली. शेवटी अर्जाच्या कडेला, जिथे जागा होती तिथे, मी तिच्या सांगण्यावरून लिहिलं: आई आली होती. त्याखाली तिने सही केली.

मग पगाराचं सांगावं लागलं. सात दिवसांचा मिळेल. तीन दिवसांचा नाही.

"सात कुणी ठरवलं?"

"मी."

"का?"

"इंग्लंडमध्ये सात आहेत म्हणून."

ती माझ्याकडे बघत राहिली. रागाने नाही, एखाद्या घडात मणी कुठे सडलाय ते शोधताना बघते तशी. "तिकडं आई मंगळवार-शुक्रवार बघून जात नसंल," ती म्हणाली, आणि टोपी चढवून टेबलावर गेली. तिच्या जागेवरची बाई आपण होऊन सरकली.

मला वाईट वाटलं, आणि मग राग आला, यावेळी स्वतःचा. कितीतरी देशांचे नियम वाचून मी नियम केला. काचेच्या पलीकडच्या साठ बायकांपैकी एकीलाही विचारलं नव्हतं. ज्यांच्या भाषेपासून मला दूर ठेवण्यासाठी आईबाबांनी फी भरली, त्यांच्यासाठी मी परक्या भाषेत आजारपण मोजून दिलं होतं.

मार्चमध्ये ऑडिट झालं. त्याच बाई आल्या. या वेळी त्यांनी भिंतीवरचा मराठी कागद बघितला आणि स्वतःहून विचारलं की हा कुणी कधी वापरला का. बायकांनी अक्काला पुढे केलं. सर शेजारी उभे होते. अक्का म्हणाली, "दहा दिस पडून व्हते. सात दिसाचं दिलं, तीन दिसाचं न्हाय." मी ते जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं. शेवटचे तीन शब्दसुद्धा. माझा आवाज थोडा चढला असावा, कारण पहिल्या टेबलावरच्या सगळ्या कात्र्या थांबल्या. ऑडिटच्या बाईंनी विचारलं, का नाही. मी देवीचं सांगितलं, डॉक्टरकडे न जाण्याचं सांगितलं, वार बघण्याचं सांगितलं. इंग्रजीत हे सांगताना मला शब्द शोधावे लागले आणि मी ते शोधले; 'अंधश्रद्धा' हा सोपा शब्द हाताशी होता, तो मी वापरला नाही. फोड सुकेपर्यंत माणसांत न येणं यात अंध काय आहे, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही. बाईंनी बरंच लिहून घेतलं. आठवड्याने आलेल्या अहवालात एक ओळ होती: रजेचा नियम कामगारांशी बोलून पुन्हा लिहावा.

सर म्हणाले, लिही मग, साताचे आठ कर.

मी आठ केले नाहीत. आता मी डबा शेडमध्येच खाते, क्रेटवर बसून. मी वही घेऊन गेले आणि प्रत्येकीला विचारलं, आजारी पडल्यावर उभं राहायला किती दिवस लागतात. पहिल्या दिवशी कुणी नीट बोललं नाही. दुसऱ्या दिवशी भांडणं झाली. एक म्हणाली, डेंगीला पंधरा दिवस तरी. दुसरी म्हणाली, तू मुलखाची नाजूक. पाळीचं कुणी बोलेना, म्हणून मीच खोक्यांमागची गोष्ट सांगितली. अक्का खाली बघून भाकरी मोडत होती, पण तिला हसू आलेलं दिसलं. त्यानंतर पाळीचंही लिहिलं गेलं. देवीचं काय लिहायचं यावर सगळ्यात जास्त वेळ गेला. आकडा सांगा म्हटलं की म्हातारी मावशी म्हणायची, आईला आकडा सांगणार तू कोण. शेवटी अक्काने सांगितलं तसं लिहिलं: आई आली तर निरोप होईपर्यंत, मग कितीही दिवस होवोत, बाईने स्वतः सांगितलेलं खरं धरायचं. आणि सगळ्यात खाली: हे या हंगामाच्या पहिल्या दिवसापासून लागू. म्हणजे अक्काचे तीन दिवस त्यात येतात. ती ओळ माझी.

या वेळी मी आधी मराठीत लिहिलं, मग इंग्रजीत. सरांनी वाचून विचारलं की असा नियम कुठल्या देशात आहे ते दाखव. मी म्हटलं, कुठेच नाही. ते म्हणाले, मग कसा करायचा. मी म्हटलं, सही करून.

त्यांनी केली नाही. विचार करतो म्हणाले. हंगाम उतरलाय, चौथं आणि तिसरं टेबल बंद झालं, दुसरं या आठवड्यात होईल. पहिल्या टेबलाच्या टोकाला अक्का आहे, चेहऱ्यावरचे डाग हळूहळू फिकट होतायत. रोज सकाळी एसटीतून उतरले की मी तो कागद सरांच्या टेबलावर ठेवते. रोज संध्याकाळी तो माझ्या टेबलावर परत आलेला असतो, सहीशिवाय. दोनदा त्यावर चहाचा डाग पडला, म्हणून मी नवी प्रत काढली. अक्का जाता जाता काचेतून भुवई वर करून विचारते, मी नाही म्हणून मान हलवते, ती टेम्पोत चढते. उद्या सकाळी मी तो पुन्हा ठेवणार आहे.